डाव्या हाताचा रस्ता

परभणीच्या बसस्थानकात गाडी फलाटाला लागली की खिडकीजवळची जागा धरण्यासाठी जी एकच धांदल उडते, तीत मी सहसा सामील होत नाही. कारण मला हवी असलेली जागा खिडकीची नव्हे, आणि तिच्यावर रुमाल टाकून हक्क सांगणारा दुसरा प्रवासी क्वचितच भेटतो. चालकाच्या केबिनीमागच्या जाळीला लागून जे पहिले बाक असते, त्याच्या आतल्या टोकाला बसले म्हणजे पाय पसरता येत नाहीत, समोरचा रस्ता जेमतेम निम्मा दिसतो, आणि वैशाखात इंजिनाची धग अंगावर येते ती वेगळीच. परंतु तेथून चालकाचा डावा हात दिसतो. त्या हाताकडे पाहत प्रवास करण्याची सवय मला लहानपणीच जडली, आणि पुढे वाढत्या वयात इतर अनेक सवयी गळून पडल्या तरी ही मात्र राहिली.

उजवा हात स्टेअरिंगला बांधलेला असतो. त्याने केव्हा काय करावे हे रस्ता, समोरून येणारा ट्रक आणि कडेने चाललेली बैलगाडी ठरवून देतात. डाव्या हाताला मात्र थोडेफार स्वातंत्र्य आहे. एक गिअर काढून दुसरा टाकावयाचा तो नेमक्या कोणत्या क्षणी, चढ सुरू होण्यापूर्वी की चढाने गाडीचा श्वास कोंडल्यावर, एका झटक्यात की मध्ये क्षणभर थांबून, हे त्या हाताने आपल्या अनुभवाने ठरवावयाचे असते, आणि म्हणून एकाच आगारातल्या, एकाच घडणीच्या गाड्या हाकणाऱ्या दोन चालकांचे डावे हात कधी सारखे चालत नाहीत. काही जण गिअरच्या दांड्याला मुठीत घट्ट आवळतात. काही जण तळव्याच्या खोलगट भागाने तो नुसता पुढे लोटतात आणि बोटांच्या टोकांनी मागे ओढतात. गाडी उभी असून इंजिन चालू असते तेव्हा तो दांडा थरथरत असतो, आणि पुष्कळ चालक त्याच्यावर सहज हात ठेवून बसतात. तेवढ्या स्पर्शाने त्याची थरथर निम्मी होते. दांड्याच्या शेंड्यावरच्या गोळ्यावर कधीकाळी गिअरांचा नकाशा पांढऱ्या रेघांनी कोरलेला असतो. जुन्या गाडीत त्या रेघा हाताच्या घामाने आणि घर्षणाने पुसून गेलेल्या असतात, आणि त्या पुसल्या गेल्याने कोणाचेही काही अडत नाही.

टाटा आणि लेलँड ह्या दोन नावांनी आमच्या भागातले एसटीचे जग बरीच वर्षे वाटून घेतले होते. लांबून येणारी गाडी कोणती हे आवाजावरून ओळखण्याची पैज आम्ही मुले फाट्यावरच्या लिंबाखाली लावीत असू. माझ्या पाहण्यातल्या जुन्या टाटाच्या गाड्यांत गिअरचा दांडा उंच, बाकदार आणि त्याचा पल्ला लांब. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना चालकाचा खांदा, कधी कधी अर्धे धडसुद्धा त्याच्या मागे जाई. लेलँडचा दांडा तुलनेने आखूड वाटे आणि त्याचा आवाजही निराळा, अधिक खर्जातला. गिअर पडल्याची खूण टाटात खटका होऊन मिळे, तर लेलँडमध्ये ती एखाद्या दबलेल्या हुंकारासारखी जाणवे. ह्या दोहोंत श्रेष्ठ कोण, ह्या प्रश्नावर आगारांतून वर्षानुवर्षे वाद झडले आहेत. चढाला टाटा आणि पल्ल्याला लेलँड, असा एक समंजस निवाडा मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, परंतु त्या निवाड्याच्या नेमके उलट सांगणारे चालकही तितक्याच ठामपणे बोलत. मला वाटते, ज्या गाडीवर हात बसला ती गाडी चांगली, एवढेच त्यातले खरे.

शिवाय एकाच कारखान्याच्या दोन गाड्याही आतून सारख्या निघत नाहीत, ह्याचे एक सरळ कारण आहे. कारखान्याकडून येतो तो सांगाडा, म्हणजे इंजिन, गिअरपेटी, चाके, स्टेअरिंग आणि काट्यांची एक पाटी. त्यावर अॅल्युमिनियमचे अंग चढवण्याचे काम एसटीने दीर्घकाळ आपल्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत केले. दिव्यांच्या कळा कोठे, वायपरचे बटन कोठे, चालकाच्या पाण्याच्या बाटलीला जागा आहे की नाही, ह्या बारीकसारीक गोष्टींत त्या त्या कार्यशाळेच्या कारागिरांचा हात दिसे. क्रमांकाच्या पाटीवर एमएच-२० असले तर चिकलठाण्याची, एमएच-१४ असले तर दापोडीची, एमएच-४० असले तर नागपूरकडच्या हिंगण्याची, हे गाड्यांत रस असलेल्या कोणालाही पाठ असते. आमच्याकडे अर्थातच चिकलठाण्याच्या गाड्यांचा राबता अधिक.

जिल्ह्याचा भूगोल शाळेत पुस्तकातून शिकलो हे खरे, परंतु तो समजला तो ह्या डाव्या हाताच्या हालचालींतून. परभणीहून पेडगाव, मानवत ह्या मार्गाने पाथरीकडे जाणारी गाडी शहराची वेस ओलांडून एकदा वरच्या गिअरात पडली की दांड्यावरचा हात निघून मांडीवर येतो आणि पुढचे गाव येईपर्यंत तेथेच विसावतो. दोन्ही बाजूंना कापसाची आणि सोयाबीनची काळी शिवारे, मधून सरळ गेलेला रस्ता, आणि गोदावरीच्या खोऱ्याचा तो सपाट, उदार विस्तार, ज्याला चढ असा शब्दच ठाऊक नाही. गंगाखेडची वाट धरली तर पोखर्णीच्या नृसिंहापर्यंत आणि पुढे थेट गोदावरीच्या पुलापर्यंत हीच कथा. मात्र नदी ओलांडून जनाबाईंच्या गावातून दक्षिणेला निघाले, राणीसावरगावच्या दिशेने बालाघाटाचे डोंगर जवळ येऊ लागले, की हात आपोआप दांड्यावर जाऊन बसतो. उत्तरेला जिंतूरकडे झरी, बोरी ही गावे मागे टाकली की असाच बदल होतो. आणि जिंतूरच्या पुढे, येलदरीच्या धरणाकडे जाणाऱ्या वळणांवर, तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा असा तो हात अखंड कामात असतो. डोळे मिटून बसलेल्या प्रवाशालाही केवळ इंजिनाच्या चढत्या-उतरत्या सुरांवरून सांगता यावे की आपण आता नेमगिरीच्या टेकड्यांच्या आसपास आहोत.

ह्यात एक गोष्ट नकाशात कोठेच दाखवलेली नसते. आमची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते, आणि तिच्यावरून नेलेला रस्ता तिच्याबरोबर वर-खाली होत राहतो. डांबर वरून कितीही गुळगुळीत केले तरी काही पावसाळ्यांनंतर त्याला लांबट लाटा येतातच. अशा ठिकाणी डोंगर नसतो, वळण नसते, गाव नसते, तरी चालकाचा हात दांड्यावर जातो आणि गाडी एक पायरी खाली उतरते. नव्या प्रवाशाला त्याचे कारण उमगत नाही. चालकाला मात्र तो तुकडा ठाऊक असतो, आणि तो कोणत्या महिन्यात किती वाईट असतो हेही.

आमच्या मुलखात मोटारबस आली ती मुंबई इलाख्याहून नव्हे, हैदराबादेहून. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढ्या बळावर रस्त्यावरच्या वाहतुकीचे स्वतंत्र खाते सुरू केले, आणि त्या खात्याच्या ताफ्यात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरी बनलेल्या ॲल्बियन गाड्या होत्या. रेल्वेच्याच सरकारी शिस्तीत वाढलेले ते खाते. वेळापत्रक, गणवेश, दफ्तर, रोजनामचा, सारे रेल्वेच्या धाटणीचे. पुणे-अहमदनगर रस्त्यावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी निघाली तेव्हा परभणी निजामाच्याच अमलाखाली होती. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले ते त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे आमच्या वाडवडिलांच्या पिढीने एकाच आयुष्यात दोन राजवटींच्या गाड्यांतून प्रवास केला, आणि त्या गाड्या हाकणाऱ्या माणसांनी दोन राजवटींचे गिअर आत्मसात केले.

इकडे मुंबई राज्यात एसटीच्या आरंभकाळी शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडॉन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, ॲल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशा दहा जातींच्या गाड्या एकाच वेळी रस्त्यावर होत्या. लाकडी अंगाच्या आणि काथ्याच्या गाद्यांच्या त्या गाड्यांविषयी आज आपण हळवेपणाने बोलतो. पण मला विचार येतो तो त्या चालकांचा. सकाळी अमेरिकन घडणीची गाडी, दुपारी इंग्लिश, दुसऱ्या दिवशी इटालियन. प्रत्येकीचा दांडा वेगळ्या जागी, प्रत्येकीच्या काट्यांची मांडणी निराळी, आणि ह्या सगळ्यांतून वाट काढणारा हात एकच. त्या काळात मॉरिस कमर्शियलच्या सांगाड्यावर नीलकमल आणि गिर्यारोहिणी अशा दोन आरामगाड्या बांधून पुणे-महाबळेश्वर मार्गावर सोडल्या होत्या. त्यांत पडदे होते, हिरवट काचा होत्या, आणि एक घड्याळ होते. बसमध्ये घड्याळ असावे ही कल्पना मला फार सुंदर वाटते. आपल्या इतर साऱ्या काट्यांचा संबंध यंत्राशी असतो. घड्याळाचा काटा तेवढा प्रवाशाशी बोलतो.

पुढे ह्या दहा जातींची गर्दी ओसरली आणि देशी घडणीचे दिवस आले. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्याने जर्मनीतल्या डेम्लर-बेंझ कंपनीशी १९५४ साली करार केला, आणि त्यानंतर पंधरा वर्षे, १९६९ पर्यंत, टाटांच्या गाड्यांच्या कपाळावर तीन टोकांची ती मर्सिडिज चांदणी झळकत राहिली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यात ज्या अभिमानाने उच्चारली जाते, तो अभिमान मी बालपणापासून ऐकत आलो आहे. आणि मानवतच्या कापसाच्या बाजाराला निघालेल्या माणसांनी खचाखच भरलेल्या एखाद्या गाडीच्या तोंडावर स्टुटगार्टची चांदणी पाहिल्याचे एखादा वृद्ध सांगू लागला की त्या म्हणीला जणू लोखंडी आधार सापडल्याचे मला समाधान होते. त्या चांदणीच्या आत जे यंत्र होते त्याची घडण जर्मन होती, पोलाद जमशेदपुरी होते, आणि ते पळवणारा हात सेलू किंवा पालमकडचा होता. तीन ठिकाणांची ही मिळणी मला आजही थोर वाटते.

जुन्या गिअरपेट्यांत चक्रांची गती आपोआप जुळवून देणारी यंत्रणा नसे, आणि म्हणून चालकाला डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबावयाचा, दांडा ओढून न्यूट्रलला आणावयाचा, क्लच सोडावयाचा, खालच्या गिअरात जावयाचे असेल तर तेवढ्यात ॲक्सिलेटर किंचित दाबून इंजिनाचे फेरे वाढवावयाचे, पुन्हा क्लच दाबावयाचा आणि मग दांडा आत सोडावयाचा. हे सारे चढावर, भरल्या गाडीनिशी, समोरून वाहन येत असताना. इंजिनाचा वेग आणि चाकांकडून येणारा वेग जुळले तर दांडा लोण्यासारखा आत जाई. न जुळले तर दातावर दात घासून असा काही किंचाळा उठे की मागच्या बाकावर झोपलेले मूलही दचकून जागे होई. एकदा जिंतूरच्या वाटेवर मी एका निवृत्तीला आलेल्या चालकाला विचारले होते की, मामा, वेगाच्या काट्याकडे तुम्ही एकदाही पाहिले नाही, मग दोन्ही वेग जुळले हे कसे कळते? त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता उत्तर दिले, “काटा कामून बघायचा साहेब? गाडी बोलायली की.” आणि खरोखरच, पुढच्या चढाला त्यांनी पाय उचलला, एक श्वास थांबले, इंजिनाचा स्वर त्यांना हवा तेथे आला, आणि दांडा कसलाही आवाज न करता जागेवर जाऊन बसला. तो श्वासभराचा विराम माझ्या ध्यानात अजून आहे. गवय्या समेपूर्वी जेवढा थांबतो, तेवढाच तो होता.

काट्यांकडे त्या पिढीतले चालक बघत नसत असे म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल, कारण एका काट्याकडे ते फार निष्ठेने बघत. तो हवेचा काटा. गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाक्यांतली हवा पहाटेपर्यंत उतरलेली असते. खेड्यातल्या मुक्कामी गाडीची सकाळ ज्याने पाहिली आहे त्याला हा काटा विसरता येणार नाही. चालक आणि वाहक देवळाच्या ओसरीवरून किंवा गाडीतल्याच बाकांवरून उठलेले. गावातल्या कोणी तरी चहा आणून दिलेला. दुधाच्या किटल्या, तालुक्याच्या शाळेला निघालेली मुले, कचेरीत तारीख असलेला एखादा शेतकरी, दवाखान्यात दाखवायला चाललेली म्हातारी, अशी माणसे एकेक करून चढत असतात. इंजिन सुरू होते, धुराचा एक लोट मागे जातो, आणि मग कोणालाच काही करावयाचे नसते. कारण हवा भरल्यावाचून ब्रेकांचा भरवसा नाही आणि ब्रेकांच्या भरवशावाचून गाडी हलवावयाची नाही. डॅशबोर्डावर कमी हवेची सूचना देणारा भोंगा एकसुरात वाजत राहतो. काटा शून्याजवळून निघून मोठ्या सावकाशीने वर सरकतो. भोंगा एकाएकी थांबतो. सात-आठ किलोच्या आसपास दाब पोचला की फुस्स असा मोठा सुस्कारा टाकून यंत्र जादा हवा सोडून देते. मगच वाहक घंटीची दोरी दोनदा ओढतो. ती तीन-चार मिनिटे साऱ्या गाडीने मिळून वाट पाहण्यात घालवलेली असतात. पुढे मी अनेक वेगवान वाहनांतून प्रवास केला, परंतु प्रस्थानाची इतकी गंभीर तयारी कोठे पाहिली नाही.

जुन्या गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे वस्तुतः एक सपाट पत्रा. त्यात चार-पाच गोल तबकड्या: वेगाची, हवेची, पाण्याच्या उष्णतेची, तेलाच्या दाबाची, डिझेलची. बाकीचा पत्रा मोकळा, आणि त्या मोकळ्या जागेचा उपयोग ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे होई. पंढरपूरचा विठोबा, तुळजापूरची भवानी, पाथरीचे साईबाबा, परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याची तसबीर, ह्यांपैकी जे ज्याचे दैवत ते तेथे विराजमान झालेले. पुढे खोचलेली उदबत्ती. झेंडूचा सुकलेला हार. बाजूला चुन्याची डबी, घडी घातलेला टॉवेल, लॉगशीटचा पुठ्ठा आणि मुलीच्या शाळेसाठी घेतलेली, विसरू नये म्हणून समोरच ठेवलेली एखादी वही. सरकारी मालमत्तेवर खाजगी वस्तू ठेवू नयेत असा नियम असेलही. परंतु दिवसाचे आठ-दहा तास ज्या पत्र्याकडे तोंड करून बसावयाचे, तो पत्रा माणसाने आपलासा करू नये, असे कोणता नियम म्हणू शकेल?

शहरातल्या बसगाड्यांची गोष्ट याहून वेगळी. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली, आणि १९३७ साली दुमजली गाड्या आल्या. अशा जुन्या दुमजली गाड्यांत चालकाची कोठडी पुढे एकटीच असे, प्रवाशांपासून पार तोडलेली, आणि त्याचा डावा हात कोणालाच दिसत नसे. शिवाय तेथे दर फर्लांगावर थांबा. पहिला, दुसरा, तिसरा, लगेच ब्रेक, पुन्हा पहिला, अशी पाळी संपेपर्यंत चालणारी आवर्तने. ह्या आवर्तनांचा शीण ओळखूनच लंडनच्या कारागिरांनी १९३९ साली रस्त्यावर आणलेल्या आरटी जातीच्या गाड्यांत एक निराळी युक्ती योजली. स्टेअरिंगखालच्या एका लहानशा दांडीने पुढचा गिअर आधीच निवडून ठेवावयाचा, आणि प्रत्यक्ष वेळ आली की पायाखालचे पेडल दाबावयाचे. गिअर त्या क्षणी पडे. निवड एका वेळी आणि कृती दुसऱ्या वेळी, ही त्यातली कल्पना. पुढचा थांबा कोठे, चौक कोठे हे ज्याला अगोदर ठाऊक आहे त्या शहरी चालकालाच ती शोभून दिसते. पोखर्णीच्या रस्त्यावर समोर कधी म्हशींचा कळप येईल आणि कधी ज्वारीच्या कडब्याची गाडी, हे आधी कोणी निवडून ठेवावे?

आताच्या नव्या गाड्यांत दांडा फार लहान झाला आहे. तो जमिनीतून वर येत नाही. चालकाच्या डाव्या गुडघ्याशी, केबलला जोडलेला, दोन बोटांनी हलणारा एक आटोपशीर खुंट असतो, आणि त्याला थरथर नसते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनी धुराबरोबर डॅशबोर्डाचेही रूप पालटले. पत्र्याच्या जागी उतरते, गोलाईदार प्लास्टिक आले. त्यावर काही ठेवले तर ते घसरते. काट्यांबरोबर चमकत्या अक्षरांचा एक पडदा आला आणि त्याच्याभोवती पिवळ्या-तांबड्या चिन्हांची रांग. धूर शुद्ध करण्यासाठी जे द्रावण लागते, त्याला आमच्याकडचे चालक सरळ युरिया म्हणतात, आणि त्याच्या टाकीत किती शिल्लक आहे हेही आता समोर दिसते; युरियाच्या गोणीसाठी ज्याच्या बापाने खरिपात दुकानापुढे रांग धरली, तो मुलगा गाडीतल्या युरियाची चिंता करत जिंतूरला निघतो. पडदा त्याला सांगतो की तेल तपासा, फिल्टर पाहा, अमुक दार उघडे आहे. गाडी आता लेखी बोलते, आणि वाचावयास शिकलेला नवा चालक ते नीट वाचतो. इंजिनही पूर्वीइतके मोठ्याने बोलत नाही, म्हणून कानाने गाडी चालवणाऱ्या जुन्या माणसाची पहिले काही दिवस चुळबुळ होते.

ह्या बदलाकडे केवळ विरहाने पाहणे मला मान्य नाही. तो देखणा डावा हात ज्या खांद्याला जोडलेला होता, त्या खांद्याचे काय झाले हे मी पाहिले आहे. आमच्या गल्लीत निवृत्त झालेले एक चालक हिवाळ्यात डावा हात डोक्याच्या वर नेऊ शकत नसत, आणि जड क्लचने झिजलेला डावा गुडघा घेऊन देवळाच्या पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीला थांबत. प्रवाशाला ज्यात संगीत ऐकू येत होते, ते चालकाच्या सांध्यांतून वसूल होत होते. हलका क्लच, पॉवर स्टेअरिंग, केबलचा खुंट ह्यांनी ही वसुली थांबवली आहे, आणि हे फार मोठे काम झाले आहे. त्याचा दुसरा परिणाम तर मला अधिकच मोलाचा वाटतो. वाहक म्हणून स्त्रिया एसटीत बऱ्याच आधी आल्या होत्या. परंतु चालकाच्या जागेवर बसून त्या प्रवासी गाडी घेऊन रस्त्यावर आल्या त्या २०२३ साली. इतकी वर्षे ती जागा त्यांच्यापासून दूर राहिली ह्याला रूढी कारण होती हे उघड आहे. परंतु त्या लांब दांड्याने, त्या ताठ पेडलाने आणि उंच पुरुषाच्या मापाने बसवलेल्या त्या आसनाने रूढीची किती चाकरी केली, ह्याचा विचार यंत्र आखणाऱ्यांनी फारसा कधी केला नसावा. डॅशबोर्ड कोठे आणि दांडा कोठे, हा प्रश्न वरवर यंत्रशास्त्राचा. परंतु ती जागा कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, ह्याचा निकाल तो गुपचूप लावून टाकीत असतो.

आणि आता तर दांडाच नाही. १ जून २०२२ रोजी एसटीने आपली पहिली विजेवरची शिवाई गाडी काढली ती पुणे-अहमदनगर मार्गावरच, चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी पहिली गाडी ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने. विजेच्या मोटारीला पहिल्या फेऱ्यापासूनच पुरती ताकद असते. तिला गिअरांच्या पायऱ्या लागत नाहीत. पुढे, मागे आणि उभे, एवढेच निवडावयाचे, आणि तेही कळ दाबून. अशा गाडीत बसलो तेव्हा मी स्वाभाविकपणे चालकाच्या डाव्या हाताकडे पाहिले. तो स्टेअरिंगवर उजव्याच्या जोडीला शांत बसला होता, क्वचित मोकळा होऊन कपाळ पुशीत होता, आणि त्याच्या मालकाच्या चेहऱ्यावर, मला जी हुरहूर वाटत होती तिचा लवलेश नव्हता. उलट तो मोठ्या कौतुकाने मला डॅशबोर्डावरचा एक आकडा दाखवू लागला. बॅटरीत किती टक्के शिल्लक आहे तो हा आकडा. चढाला तो भराभर उतरतो. आणि उतार लागला, पाय उचलला की मोटार उलट वीज तयार करू लागते आणि आकडा थोडासा पुन्हा वर येतो. जुन्या गाडीने उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाच्या विरोधाने वेग आवरावा आणि तो आवरलेला वेग उष्णता होऊन वाऱ्यावर जावा. ह्या गाडीने तोच वेग गोळा करून परत आपल्या पोटात ठेवावा.

तेव्हापासून माझ्या मनात आमच्या जिल्ह्याचा एक नवा नकाशा तयार होऊ लागला आहे. अशी गाडी जिंतूरहून येलदरीकडे उतरेल तेव्हा किती टक्के मिळवील, आणि परतताना त्याच्या किती पट देऊन टाकील? गंगाखेडच्या पुलापर्यंतच्या सपाटीला त्या आकड्याची चाल कशी असेल, आणि राणीसावरगावचा चढ त्याला किती भारी पडेल? हे हिशेब कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसणार. ते चालकच बसवतील, आणि फलाटावर चहा पिताना एकमेकांना सांगतील. श्रावणात फुगलेली काळी माती चाकांखाली रस्त्याला लाटा आणते तेव्हा ती त्या आकड्यातून गुपचूप किती कापून घेते, हेही पाथरीच्या वाटेवरची एखादी चालक बाई दोन-तीन पावसाळ्यांत सांगू लागेल.